दोघांचं एकमत

७ सप्टेंबर, रविवार

ताई,

गेल्या आठवड्यात आमच्याकडे काय झालं ते आधी क्रमाने लिहिते. भावजीही वाचतील, म्हणून कामाचे शब्द शक्य तितके टाळले आहेत.

१. सोमवारी आमच्या फिल्म वाचण्याच्या खोलीत नवं यंत्र बसवलं. एक स्कॅनर, एक संगणक आणि त्यात कृत्रिम बुद्धिमत्ता. त्याच्यासाठी खोलीला एसी लावला.

२. वेल्डरने नळाला केलेल्या प्रत्येक जोडाचा एक्स-रे निघतो. आतापर्यंत ती फिल्म दोन माणसं एकामागून एक वाचायची आणि जोड पास की नापास ते सांगायची. आता तीच फिल्म यंत्रही वाचतं. चाचणी दोन महिन्यांची आहे.

३. चाचणीत निर्णय माणसांचाच राहील. यंत्र फक्त आपलं मत नोंदवेल.

४. गुरुवारी दोन वाचकांनी पास केलेला एक जोड यंत्राने नापास ठरवला. साहेबांनी तो कापून बघायला सांगितलं. आत फट निघाली. बारीक होती, पण होती.

५. शनिवारी नोटीस लागली. चाचणीनंतर दोन्ही कारखान्यांतल्या वाचकांच्या संख्येचा "फेरविचार" होणार आहे. म्हणजे तुमच्या कारखान्यातल्या खोलीचासुद्धा.

कापलेला तुकडा मास्तरांनी हातात घेतला. आमच्यात तेच सगळ्यांत जुने. चष्मा कपाळावर सारून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "करवतीनेच पडली असेल." कोणी हसलं नाही. मग तेच हसले.

माझं मत अजून बनलेलं नाही. बनलं की कळवेन. फोन करू नकोस. फोनवर तू मध्येच तोडतेस आणि मी गप्प बसते. कारखान्याची गाडी रोज तुमच्याकडे येते. ड्रायव्हर पत्र आणून द्यायला तयार आहे.

धाकटी


११ सप्टेंबर

प्रिय धाकटे,

काय गं, हे पत्र आहे की पंचनामा? मावसबहिणीला लिहितेस की पोलिसांना? "कशी आहेस" एवढं तरी घालायचं मध्ये कुठेतरी.

बातमी तुझ्या पत्राच्या आधीच आली होती. आमच्या खोलीतल्यांनी त्या यंत्राचं बारसंसुद्धा केलंय: जावईबापू. अजून आमच्या उंबऱ्यावर पाऊल नाही, पण तुमच्याकडे एसी काय, गादीची खुर्ची काय! आम्ही इतकी वर्षं साधा पंखा मागतोय, तर म्हणे वाऱ्याने फिल्म उडतात. जावईबापूंना घाम येतो आणि आम्हाला येतो ते काय अत्तर?

तुझं पत्र वाचून हे उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. ह्यांच्या ऑफिसात बिलांचं यंत्र आलं ना, तेसुद्धा मदतीला म्हणूनच आलं होतं. आधी मदत केली, मग काम शिकलं, आणि शिकून झाल्यावर ह्यांच्या हातात नारळ. शिकवलं कोणी? ह्यांनीच! रोज संध्याकाळी घरी येऊन कौतुकाने सांगायचे, "आज त्याला अमुक समजायला लागलं." आता घर माझ्या एकटीच्या नोकरीवर चाललंय, हे तुला मी सांगायला नको. त्यामुळे फेरविचार हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारत नाही.

एक जोड पकडला म्हणून काय झालं? लागला असेल तुक्का. आणि ते दोन वाचक कोण होते, ते तू बरोब्बर गाळलंस.

आता कामाचं. आमचे युनियनचे सेक्रेटरी विचारतायत की माणसा-माणसांत मत किती वेळा फुटतं आणि यंत्राशी किती वेळा, याचे आकडे मिळतील का? तू आकड्यांची माणूस. तुला फिल्म वाचायला मी शिकवलं, पण हिशेब तुझाच पक्का. पाठवतेस?

मावशीला म्हणावं, गुडघ्याला शेक घेत जा.

तुझी ताई


१६ सप्टेंबर

ताई,

तू कशी आहेस? (घातलं.)

आकडे कोणापासून लपवलेले नाहीत, खोलीतल्या फळ्यावर रोज लिहिले जातात. म्हणून पाठवते. शंभर फिल्ममध्ये दोन माणसांचं मत साधारण एकदा फुटतं. यंत्राचं माणसांशी मत साधारण बारा वेळा फुटतं. त्या बारांत बहुतेक वेळा माणसं पास म्हणतात आणि यंत्र नापास म्हणतं.

या आकड्यांचा अर्थ लावायची घाई करू नये. सेक्रेटरींना हे वाक्यही दाखव.

यंत्राच्या कंपनीचा एक माणूस इथे येऊन बसतो. विनम्र आहे. काल त्याने मास्तरांना विचारलं, "काका, ही सावली दोष नाही हे तुम्हाला कशावरून कळतं?" मास्तर म्हणाले, "तुझ्या यंत्राला विचार." तो म्हणाला, "त्यालाही सांगता येत नाही." मास्तर खूष झाले. म्हणाले, "मग आहे आमच्यातलाच." त्या दिवसापासून ते यंत्राच्या स्क्रीनवरची धूळ पुसतात. बाकीचे वाचक त्यावरून त्यांना चिडवतात.

परवा साहेबांनी मला बोलावलं होतं. काम दुसरं होतं.

आईचा गुडघा तसाच आहे.

धाकटी


२२ सप्टेंबर

धाकटे,

अगं, तुझ्या आकड्यांनी इकडे धमाल उडवून दिली! शुक्रवारी गेटवर सभा झाली. सेक्रेटरी स्टुलावर चढले आणि म्हणाले, "शंभरातल्या नव्याण्णव वेळा दोन माणसं एकमताने बोलतात. हे यंत्र मात्र जिथे तिथे आडवं येतं. आपल्या घरात असा माणूस असला तर आपण त्याला काय म्हणतो?" मागून कोणीतरी ओरडलं, "जावईबापू!" पाच मिनिटं सभा थांबली होती. शिट्ट्या काय, टाळ्या काय.

तुमच्या मोठ्या साहेबांना निवेदन गेलं आणि त्यांनी मान्यही केलं, हे तुला कळलंच असेल. दोन माणसांचं एकमत असेल तर यंत्राची हरकत बाजूला ठेवायची, जोड पुढे पाठवायचा. लेखी नियम! हे बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

हे झालं गोड. आता तिखट. इथे कोणीतरी सांगत होतं की तुमच्याकडे चाचणीनंतर एकच वाचक ठेवणार आहेत, यंत्रावर देखरेख करायला, आणि तो वाचक म्हणजे तू. डिप्लोमा आहे म्हणून. मी त्या बाईला झापलं. म्हटलं, असं काही असतं तर माझ्या बहिणीने मला आधी सांगितलं असतं. मग घरी येऊन तुझं पत्र पुन्हा काढलं. "साहेबांनी बोलावलं होतं. काम दुसरं होतं." दुसरं म्हणजे कोणतं गं? आणि ते "घाई करू नये"? आम्ही घाई करू नये म्हणजे कोणाची खुर्ची पक्की होईपर्यंत?

खरं असलं तरी मी दात खाणार नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही घेतली असती. पण मला हे परक्या बाईच्या तोंडून कळावं?

ताई


६ ऑक्टोबर

धाकटे,

दोन आठवडे झाले. रोज गाडी येते. ड्रायव्हर माझं तोंड बघून लांबूनच हात हलवतो, नाही म्हणून.

तुमच्याकडे पाण्याच्या दाबाच्या टेस्टला एक जोड फुटला म्हणे. फिटरला लागलं म्हणे. जोड तुमच्या खोलीने पास केलेला होता म्हणे. तीनदा "म्हणे" लिहिलंय. तू एकदा तरी नीट सांग.

मी मागच्या पत्रात बोलले ते बोलले. ते राहू दे बाजूला. तू बरी आहेस ना?

ताई


९ ऑक्टोबर

ताई,

मी बरी आहे. उशीर झाला, कारण मला आधी एक गोष्ट तपासून बघायची होती.

जोड फुटला हे खरं आहे. तो मास्तरांनी आणि मी पास केला होता. यंत्राने नापास म्हटलं होतं. तुमच्या नव्या नियमाप्रमाणे दोघांचं एकमत होतं, म्हणून हरकत बाजूला ठेवली आणि जोड पुढे गेला. टेस्टला पाणी भरून दाब चढवताना तो उघडला. उडालेला तुकडा फिटरच्या गळ्याखालच्या हाडाला लागला. हाड मोडलं आहे. मी त्यांना भेटून आले. ते म्हणाले, "चुकून होतं बाई," आणि त्यांच्या बायकोने मला पाणी दिलं. त्यांना यंत्राचं काय मत होतं ते माहीत नव्हतं. मी सांगितलं.

सप्टेंबरच्या पहिल्या जोडाचे दोन वाचकही आम्हीच होतो.

आता ठिपक्याचं. तुला माहीत आहे, भावजींना माहीत नसेल. पहिला वाचक फिल्म पाकिटात परत घालताना पाकिटाच्या कोपऱ्यावर पेन्सिलीने बारीक ठिपका देतो. डाव्या कोपऱ्यात पास, उजव्या कोपऱ्यात नापास. दुसऱ्या वाचकाला पहिल्याचं मत कळू नये असा नियम आहे. ठिपक्यामुळे ते कळतं. मी कामाला लागले तेव्हा मला हे कोणी नियम मोडणं म्हणून सांगितलं नाही, कामाची पद्धत म्हणून सांगितलं. तुमच्याकडेही हेच चालतं. त्या जोडाच्या पाकिटावर डावीकडे ठिपका होता. मी फिल्म बघितली, पण ठिपका दिसल्यानंतर माणूस जेवढी बघतो तेवढीच.

त्या नव्याण्णव वेळांच्या एकमतात ठिपका होता, म्हणून मी घाई करू नये म्हटलं होतं. कारण लिहायला हवं होतं, ते लिहिलं नाही.

मी काय तपासलं ते आता सांगते. वेल्डरच्या परीक्षेचे जोड नंतर कापलेच जातात, त्यामुळे आत काय होतं ते नक्की माहीत असतं. त्यांच्या शंभर जुन्या फिल्म मी बाजूला काढल्या. नव्या पाकिटांत घातल्या. मास्तरांना म्हटलं, "या आपण दोघांनी वेगवेगळ्या वाचायच्या. ठिपका नाही."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"माझ्यावर नाही."

"मग परीक्षा तुझी घे, माझी कशाला?" असं म्हणत त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि दिवा लावला.

यंत्रालाही त्याच शंभर दिल्या. आमची दोघांची मतं अकरा फिल्मवर फुटली. यंत्राची माणसांशी जेवढी फुटतात जवळजवळ तेवढीच. काही दोष फक्त मास्तरांना दिसले, काही फक्त मला. एक आम्हा दोघांच्या हातून सुटला, तो यंत्राने पकडला. दोन यंत्राला दिसलेच नाहीत, ते आमच्यातल्या एकाला दिसले. तिघांनी आपापलं बघितलं तर एकही सुटला नाही.

याचा अर्थ असा की यंत्र वाईट आहे हे आपलं म्हणणं टिकत नाही. एक माणूस आणि यंत्र पुरे आहे हे साहेबांचं म्हणणंही टिकत नाही. दोन वाचक लागतात. पण ते खरोखर दोन असायला हवेत. हे सांगायचं तर आतापर्यंत ते दोन नव्हते, हेही सांगावं लागेल.

राहिली ती खुर्ची. हो, साहेबांनी मला ती जागा देऊ केली आहे. मी नाही म्हटलेलं नाही. हो पण म्हटलेलं नाही. तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं की तू विचारणार होतीस, काय ठरवलंस? आणि मी काही ठरवलेलं नव्हतं.

धाकटी


१४ ऑक्टोबर

धाकटे,

तुझं पत्र मी खोलीत वाचून दाखवलं. सगळं नाही, खुर्चीचं गाळलं. ते आपल्यातलं.

काय भांडण झालं विचारू नकोस. एक जण म्हणाला, "ही पोर तुमची बहीण की साहेबांची?" मी म्हटलं, "तिचं तिलाही कळत नसेल, पण खोटं बोलत नाही." त्यावर आमच्या थोरल्या बाई, ज्यांची निवृत्ती तोंडावर आलीय, त्या हुंदके द्यायला लागल्या. "आयुष्यभर डोळे फोडून घेतले आणि जाता जाता लिहून द्यायचं की आम्ही बघितलंच नाही?" त्यांना काय सांगू, तूच सांग.

ठिपका का आला ते तुला माहीत नाही. तू यायच्या आधीची गोष्ट. तेव्हा दोघांची मतं फुटली की काम थांबायचं, आणि वेल्डिंगचा फोरमन खोलीत येऊन दोघांच्या डोक्यावर उभा राहायचा. "ठरवा लवकर, क्रेन खोळंबलीय." जो नापास म्हणेल त्याच्यावर ओरडायचा. सगळ्यांदेखत. एकदा माझ्यावर इतका ओरडला की मी फिल्म पालथी धरून पास म्हटलं. त्यानंतर कोणीतरी ठिपका द्यायला लागलं आणि खोली शांत झाली. आळसाने नाही गं आला तो. भीतीने आला. हे तुझ्या आकड्यांत कुठे बसतं? सांगायचंच असेल तर हेही सांग. नुसता ठिपका सांगितलास तर आम्ही सगळे चोर ठरू.

सेक्रेटरी तर चवताळलेत. "जिंकलेली बाजू आपल्याच हाताने घालवायची?" घरी हे मात्र वेगळंच बोलले. म्हणाले, "माझ्या ऑफिसात आम्हीही सांगत होतो की यंत्र चुकतं. ते सुधारत गेलं आणि आमच्याकडे दुसरं काही बोलायला उरलंच नाही. हिच्याकडे निदान दुसरं काहीतरी आहे." मग म्हणाले, "पण ते खरं असलं तरी नोकरी वाचेल असं नाही हं." हे असंच बोलतात, धीर देता देता काढून घेतात.

मी तीन गोष्टी विचारते, सरळ उत्तर दे. ठिपक्याचं तू कोणाच्या नावाने सांगणार, "कामगार असं करतात" म्हणून, की स्वतःच्या? आमच्या खोलीने वाचून आकडे वाईट आले तर काय करणार? आणि त्या खुर्चीचं काय?

ताई


१७ ऑक्टोबर, शुक्रवार

ताई,

क्रमाने उत्तरं देते.

निवेदन मी लिहिलं आहे. पहिलं वाक्य असं: "फुटलेला जोड मी ठिपका बघून पास केला." खाली माझी सही आहे. मास्तरांना दाखवलं. वाचून म्हणाले, "ठिपका दिला कोणी, ते कुठेय?" मी म्हटलं, "ते तुमचं तुम्ही ठरवा." बराच वेळ पेन शोधत बसले. पेन त्यांच्या खिशाला होतं. मग आपलं वाक्य माझ्या वाक्याच्या वर लिहिलं, "पहिला वाचक मी, म्हणून पहिलं नाव माझं," आणि सही केली. तुमच्या खोलीतल्या कोणाचंही नाव निवेदनात नाही, आणि तुम्ही सांगितल्याशिवाय येणार नाही.

फोरमनचं मला खरंच माहीत नव्हतं. ते घातलं आहे. तीन मागण्या केल्या आहेत: दोघांच्या फिल्म वेगवेगळ्या पाकिटांत याव्यात, यंत्राचं मत धरून मतं फुटली तर तिसरा वाचक निर्णय देईल, आणि तो निर्णय होईपर्यंत वेल्डिंगच्या कोणी खोलीत यायचं नाही. तुझं नाव न घेता तुझीच गोष्ट लिहिली आहे. फिल्म पालथी धरल्याचं लिहिलेलं नाही.

थोरल्या बाईंना सांग, आम्ही बघितलंच नाही असं मी कुठेही म्हटलेलं नाही. पहिला वाचक नेहमी बघतच होता. दुसऱ्याला बघू दिलं गेलं नाही, असं म्हटलं आहे. त्यांना यात खोट दिसली तर कळवावं, मी वाक्य बदलेन.

आकडे वाईट आले तर जसे येतील तसे देईन. ते बदलणार नाही आणि लपवणारही नाही. वाईट म्हणजे काय तेही आधीच सांगते. तुमच्या खोलीत ठिपक्याशिवायही दोघांना सगळं सारखंच दिसलं, तर दुसऱ्या वाचकाची गरज नाही असंच त्यातून निघेल. मग तुझी नोकरी वाचवायला माझ्याकडे काही उरणार नाही. तसं होणार नाही असा माझा अंदाज आहे, पण तो एका खोलीवरून केलेला अंदाज आहे. एका खोलीचे आकडे साहेब धरणार नाहीत. त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं आहे.

खुर्चीचं असं झालं. साहेबांना म्हटलं, दोन्ही खोल्यांचा निकाल येईपर्यंत मी उत्तर देणार नाही. ते म्हणाले, "तोपर्यंत जागा थांबणार नाही." मी म्हटलं, ठीक आहे. काल ती यंत्राच्या कंपनीच्या त्या विनम्र माणसाला देऊ केल्याचं कळलं. त्याने मला जेवणाच्या सुट्टीत विचारलं, "फिल्म वाचायला किती दिवसांत शिकवाल?" मी त्याला शिकवते आहे. नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

शंभर फिल्म या पत्रासोबत ड्रायव्हरच्या हाती देते आहे. प्रत्येक फिल्मची एक नक्कल, म्हणजे दोन वाचकांसाठी दोन गठ्ठे. पाकिटं कोरी आहेत. वाचायच्या असतील तर दोघांनी दोन टेबलांवर बसून वाचा आणि मतं वेगळ्या कागदांवर लिहा. यंत्र तुमच्याकडे अजून आलेलं नाही, त्यामुळे ते मध्ये येत नाही. वाचायच्या नसतील तर गठ्ठे तसेच परत पाठव. त्यावरून मी कोणाला काही म्हणणार नाही, आणि तुला तर नाहीच.

साहेबांबरोबरची बैठक मंगळवारी, २८ तारखेला आहे. त्याआधी मला आकडे मांडायला दोन दिवस लागतील.

तुमची खोली फिल्म वाचणार की नाही, ते शुक्रवार, २४ ऑक्टोबरपर्यंत कळव.

धाकटी